गुळाचा वास आणि मुंगीच्या मिशा

दूध उतू गेलं, आटलं, पातेल्याच्या बुडाला काळा थर धरला, आणि मी त्याच ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होते. लेक बाहेरच्या खोलीतून धावत आली तेव्हा मला कळलं.

"आई, जळतंय की! वास येईना व्हय तुला?"

येत नव्हता. २०२१ चा मे महिना. कोल्हापुरात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनं घरटी एक तरी माणूस अंथरुणाला लावलेलं. मला ताप दोनच दिवस आला, पण पाचव्या दिवशी वास गेला. सकाळी चहात आलं घातलं की नाही हे कळेना म्हणून मी चहाची भुकटीच नाकाशी धरली. काहीच नाही. भुकटीचा खरखरीतपणा तेवढा जाणवला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पुढं वाचलं तेव्हा कळलं की हा विषाणू वास टिपणाऱ्या चेतापेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या, त्यांची निगा राखणाऱ्या शेजारच्या पेशींवर जास्त करून हल्ला करतो. आधार गेला की वासाचं सगळं काम ठप्प होतं.

वास नसलेलं घर कसं असतं हे सांगता येणं अवघड आहे. कांदा चरचरताना दिसायचा, ऐकू यायचा, डोळ्यांत पाणीही आणायचा, पण कांदा असल्यासारखा वाटायचा नाही. लेकीला जवळ घेतलं तर तिच्या केसांचा वास नाही. आपण आपल्या माणसांना नाकानंही ओळखत असतो हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.

त्याच दिवसांत मी मुंग्या बघायला लागले. बघायला लागले म्हणजे, दुसरं काही करायचं त्राण नव्हतं म्हणून स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहायचे, आणि समोर त्या असायच्या. मामांनी पाठवलेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फडक्यात बांधून डब्यात ठेवला होता. डब्याचं झाकण जरा वाकडं. खिडकीच्या चौकटीतून निघून, फरशीच्या सांध्यांनी, गॅसच्या शेगडीला वळसा घालून काळ्या बारक्या मुंग्यांची रांग थेट त्या डब्यापर्यंत गेलेली. त्यांना गूळ कळला होता. मी त्याच डब्यात नाक खुपसून बसले असते तरी मला कळला नसता.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण माझाही आधी गैरसमज होता. मुंगीला साखरेचा वास लांबून येतो असं आपण धरून चालतो. शुद्ध साखर हवेत उडत नाही, त्यामुळं तिला वास जवळजवळ नसतोच. साखरेचा दाणा मुंगीला बहुतेक वेळा फिरता फिरता सापडतो. मिशा लागतात, तोंड लागतं, आणि मग कळतं. गुळाची गोष्ट निराळी. रस उकळताना त्यात नाना तऱ्हेचे वास तयार झालेले असतात आणि ते डब्याबाहेर पडतातच. पण गूळ असो की साखर, पहिल्या एका मुंगीला सापडल्यावर बाकीच्या शेकडो कशा येतात, खरी गोष्ट तिथून सुरू होते.

एके दुपारी मी रांगेवर आडवं बोट फिरवलं. ओलं नव्हे, कोरडंच. एका बोटाच्या रुंदीची पट्टी पुसली गेली, एवढंच. फरशी तीच, उजेड तोच, डबा तिथंच. पण पट्टीच्या दोन्ही काठांवर मुंग्या थबकल्या. येणाऱ्या इकडं, जाणाऱ्या तिकडं. मधे रिकामी अर्धा इंच जागा, आणि ती ओलांडायला कुणी तयार नाही. मिशा वेगानं हलायला लागल्या, काही मागं फिरल्या, काही काठाकाठानं चाचपत बाजूला गेल्या. दोनेक मिनिटांनी एक मुंगी पलीकडं पोचली. मग तिच्या मागून दुसरी. पाच मिनिटांत रांग पूर्ववत.

मला जी फरशी अखंड दिसत होती तिच्यात त्यांच्यासाठी दरी पडली होती. ते बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

खाणं सापडलेली मुंगी घरी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत जाते आणि वासाचे ठिपके सोडते. हे रसायन मुंग्यांच्या जातीगणिक वेगळं, ते जिथून पाझरतं ती ग्रंथीही वेगळी. दुसरी मुंगी त्या ठिपक्यांवरून जाते, खाणं मिळालं की येताना आपलेही ठिपके टाकते. खाणं संपलं की ठिपके टाकणं थांबतं आणि वाट हवेत विरून जाते. ब्रसेल्समधल्या संशोधकांनी १९९० च्या आसपास अर्जेंटिनाच्या मुंग्यांपुढं वारूळ आणि खाणं यांच्यामधे दोन फाट्यांचा पूल ठेवला, एक फाटा आखूड आणि एक लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हींवरून गेल्या. थोड्याच वेळात बहुतेक सगळ्या आखूड फाट्यावर. कुणी मोजमाप केलं नव्हतं. आखूड फाट्यावरून गेलेल्या लवकर परत आल्या, म्हणून त्या वाटेवरचा वास आधी दाट झाला, म्हणून पुढच्या तिकडं वळल्या.

आणि चालताना ती रेघ धरून ठेवते कशी? दोन मिशांनी. एक मिशी रेघेच्या अलीकडं, दुसरी पलीकडं. ज्या बाजूचा वास पातळ झाला त्या बाजूनं आत वळायचं. म्हणून मुंगी सरळ चालताना दिसली तरी नीट बघितलं तर ती बारीक नागमोडी चालते. शास्त्राच्या पुस्तकात या मिशांना शृंगिका म्हणतात. आमच्याकडं सगळे मिशाच म्हणतात, मीही तेच म्हणणार. कोपरात वाकल्यासारखी त्यांची ठेवण असते. पुढच्या पायावर एक छोटा कंगवा असतो आणि मुंगी दर थोड्या वेळानं मिशी त्यातून ओढून स्वच्छ करते. मी मोजलं नाही, पण डब्याच्या झाकणाशी आलेल्या मुंग्यांमधे असं करणारी एखादी तरी कायम दिसायची. गुळाचा चिकटा मिशीला लागला तर तिचं जगच धूसर होत असणार.

मुंगीकडं वास ओळखणाऱ्या ग्राहींची, म्हणजे वासाचे कण पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुकं चारशेच्या आसपास असतात. फळमाशीकडं साठेक. आणि माणसाकडं? चालू स्थितीत असलेली साधारण चारशेच. हा आकडा वाचला तेव्हा मी पुन्हा पुन्हा तपासून बघितला. जिची रांग मी बोटानं पुसली तिच्याकडं वास ओळखायच्या जवळजवळ माझ्याइतक्याच किल्ल्या. कुलपं मात्र निराळी, कारण कीटकांच्या ग्राही आपल्यापासून वेगळ्या वाटेनं घडल्या, त्यांचं काम करायची तऱ्हाही वेगळी. शिवाय त्या किल्ल्यांपैकी पुष्कळशा एकाच कामाला लागलेल्या आहेत, दुसऱ्या मुंगीला ओळखायच्या.

मुंगीच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो. अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो असतो, पण त्यातल्या घटकांचं मिश्रण प्रत्येक वारुळाचं आपलं असतं. एकमेकींना चाटून, तोंडात तोंड घालून खाणं भरवून ते मिश्रण सगळ्यांत सारखं होत राहतं. समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या क्षणभर थांबून मिशा लावतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. लहानपणी आम्हाला वाटायचं, त्या गुपित सांगतात. त्या विचारत असतात, तू आमची का? उत्तर अंगावरच लिहिलेलं असतं.

ऑग्युस्त फोरेल या स्विस माणसानं एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांच्या मिशा कापून त्यांना एकत्र ठेवलं. एरवी ज्यांनी एकमेकींचे तुकडे केले असते त्या शांतपणे एकत्र राहिल्या. हे वाचून कुणाला त्यात भांडण मिटल्याचा आनंद दिसेल. मला नाही दिसत. त्यांना आपलं आणि परकं दोन्ही दिसेनासं झालं होतं. माझ्या लेकीच्या केसांचा वास गेला तेव्हा ती मला परकी वाटली नाही, हे खरं. पण मला डोळे होते, कान होते.

२०१७ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी मिशा न कापता तोच प्रयोग केला, जनुकात बदल करून. कीटकांच्या सगळ्या गंधग्राहींना काम करायला एक जोडीदार प्रथिन लागतं. ते एक बंद केलं की सगळा संच एकदम मुका होतो. रॉकफेलर विद्यापीठात हे ज्या जातीवर केलं तिच्या कामकरी मुंग्यांना डोळेच नसतात. बदल केलेल्या मुंग्या गंधाची वाट धरू शकल्या नाहीत, बाकीच्यांच्या घोळक्यात टिकेनात, एकट्याच भटकत राहिल्या. दुसऱ्या गटानं आपल्या दक्षिण भारतात आढळणारी मोठ्या डोळ्यांची, उडी मारून शिकार करणारी मुंगी घेतली होती. तिच्यातही तसंच झालं. ती घराबाहेर भटकायला लागली, शिकारीत कमी पडली, शेजारणींशी तिचा व्यवहार थांबला. दोन्ही जातींत मेंदूतला वासाचा भागही नीट वाढला नव्हता.

मी हे त्या जूनमधे, फोनवर, रात्री दोन वाजता वाचत होते. एकच प्रथिन, आणि मुंगी सगळ्यांतून उठते.

मामा गुळव्या आहेत. वडणग्याच्या बाजूला त्यांचं गुऱ्हाळघर, आजोबांच्या वेळचं. आजूबाजूची कितीतरी गुऱ्हाळघरं बंद पडली. ऊस कारखान्याला जातो, जळणाचा आणि मजुरीचा खर्च वाढला, गुळाच्या सौद्यात दराचा भरवसा नाही. मामा दिवाळी झाली की चुलवाण पेटवतातच. गुळव्या म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. घाण्यातून रस काहिलीत येतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर आणून काढतात, चुलवाणात चिपाडं सारत राहतात, आणि दोनेक तासांनी एक क्षण असा येतो की काहील उतरवायलाच हवी. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, उशिरा उतरवली तर रवा काळा पडतो. तो क्षण ठरवणारा माणूस गुळव्या. सगळ्या आधणाची जबाबदारी त्याच्या एका हाकेवर.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कळतं कसं? त्यांनी दिलेलं उत्तर मला पाठ आहे.

"आधी कच्च्या उसाचा वास येतोय, हिरवा. मळी काढली की त्यो जातोय. मग उकळी चढली की तापल्या दुधाचा. आन शेवटाला भाजल्या भुईमुगाचा. त्यो आला की हाळी द्यायची."

पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी होते का ते मामा बघायचेच. पण गोळी बघायच्या आधी त्यांचं ठरलेलं असायचं. गोळी पोरांना दाखवायला असावी असं मला वाटतं.

वास गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा फोन केला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डोळं गेलं तरी मी काहील उतरीन गं. नाक गेलं तर मातूर घरी बसायला लागंल."

डोळ्यांचं मुंगीशी काय नातं, ते मला पुरानं दाखवलं. त्याच वर्षीच्या जुलैत पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. २०१९ चा महापूर विसरायच्या आतच हा दुसरा. आमचं घर शुक्रवार पेठेत, चढाच्या बाजूला. खालच्या गल्लीत पाणी आलं, आमच्या पायरीपाशी थांबलं. वीज गेलेली. पायरीखालच्या भेगेतून मुंग्या निघाल्या, भिंतीला लागून जिन्यानं वर. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं काहीतरी.

"अंडी घेऊन निघाल्यात बघ," शेजारच्या काकू म्हणाल्या. आपण सगळे तसंच म्हणतो. खरं तर मुंगीचं अंडं धुळीच्या कणाएवढं असतं. तांदळाच्या कणीसारखं जे दिसतं ते अळ्या आणि कोष, वाढीच्या पुढच्या पायरीवरची पिल्लं. त्यांना ठराविक ऊब आणि ठराविक ओल लागते, आणि ती मोजायची सोयही मिशांतच असते. दमट-कोरडं, गरम-गार समजून मोठ्या मुंग्या पिल्लांना या खोलीतून त्या खोलीत हलवत असतात. पुरात ते हलवणं घराबाहेर आलं होतं, एवढंच.

रात्री टॉर्च मारली की रांग बिथरायची. वेग वाढायचा, काही जणी ओझ्यासकट भेगेत शिरायच्या. मला एक आठवलं. लेकीच्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद कपाटावर होता. तो दोन घड्या घालून टॉर्चला बांधला. लाल उजेडात त्या निवांत चालत राहिल्या, जशा काही अंधारातच आहेत. त्यांच्या लेखी अंधारच होता. अभ्यास झालेल्या बहुतेक मुंग्यांच्या डोळ्यांना हिरवा आणि अतिनील प्रकाश नीट दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. प्रयोगशाळेत वारुळं लाल दिव्याखाली बघतात ती म्हणूनच.

अतिनीलची गोष्ट पहिल्यांदा उघडकीला आणणारा जॉन लबॉक हा इंग्रज. पेशानं सावकारी पेढीवाला, पार्लमेंटचा सभासद, आणि घरात मुंग्या पाळणारा. प्रकाश लोलकातून फाकवून त्याचे रंग त्यानं मुंग्यांच्या कोषांवर पाडले. मुंग्यांनी जांभळ्यातले कोष उचलून दुसरीकडं नेले. मग जांभळ्याच्याही पलीकडं, जिथं माणसाला निव्वळ काळोख दिसत होता, तिथले कोषसुद्धा त्यांनी उचलले. लबॉकनं हे १८८२ मधे छापलं. त्या काळोखात मुंगीला लख्ख उजेड दिसत होता. माझ्या जिन्यात उलटं झालं. मला दिसणाऱ्या लाल उजेडात तिला काळोख होता. एकाच जिन्यात दोघी उभ्या आणि रात्र दोघींची वेगवेगळी.

पुराच्या त्या चार रात्री मी फार झोपले नाही. बोटींच्या इंजिनांचा आवाज यायचा. मुंगीला कान नाहीत. हवेतला आवाज ती आपल्यासारखा ऐकत नाही, पण जमिनीतला कंप पायांनी टिपते, त्यासाठी गुडघ्याच्या जरा खाली एक इंद्रिय असतं. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली पानं कापणारी मुंगी मातीखाली गाडली गेली तर पोटाजवळचे दोन भाग एकमेकांवर घासून करकर करते, आणि बाकीच्या तो कंप पायांत घेऊन नेमकी तीच जागा उकरतात. जिन्यावरच्या मुंग्यांच्या पायांना त्या रात्री काय काय येत असेल, कोण जाणे. मला पाण्यातून जाणारी बोट ऐकू येत होती. कुणाला तरी बाहेर काढताहेत, एवढं समजत होतं.

पाणी उतरल्यावर ऊन पडलं. आमच्या गच्चीवर खालच्या गल्लीतल्या नातेवाइकांच्या गाद्या, पोरांची दप्तरं, भिजलेल्या सातबाऱ्याच्या प्रती, फोटोंचे अल्बम, सगळं वाळत घातलेलं. त्या पसाऱ्यातून मोठे काळे मुंगळे पळत होते. कितीही वेडीवाकडी वाट काढली तरी शेवटी टाकीच्या कोपऱ्यातल्या त्याच भोकाशी जायचे. मी मुंगळ्यांचं निरीक्षण करून काही सिद्ध केलं नाही. पण वाळवंटातल्या एका मुंगीबद्दल जे सिद्ध झालंय ते मला तिथं बसून समजून घ्यावंसं वाटलं.

सहारात भर दुपारी, बाकी सगळे जीव सावलीला गेल्यावर, ही मुंगी खाणं शोधायला बाहेर पडते. तापलेल्या वाळूवर वासाची रेघ टिकणार नाही, म्हणून ती रेघ काढतच नाही. इकडं तिकडं भटकत शंभर मीटरच्याही पुढं जाते, आणि मेलेला किडा सापडला की आल्या वाटेनं न जाता थेट सरळ रेषेत घराकडं निघते. ट्युनिशियात कैरवान गावी राहणाऱ्या फेलिक्स सांत्शी या डॉक्टरनं १९११ मधे मुंगीवर आडोसा धरून सूर्य झाकला आणि आरशानं तो उलट बाजूनं तिला दाखवला. मुंगी गर्रकन वळून उलट चालायला लागली. पुढं त्याच देशात रुडिगर वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं काढून दाखवलं की सूर्य दिसला नाही तरी तिचं अडत नाही. उन्हाचा प्रकाश हवेत विखुरला की त्याच्या कंपनांना दिशा येते, आणि ती दिशा आकाशाच्या प्रत्येक भागात निराळी असते. आपल्याला ते सगळं नुसतं निळं दिसतं. मुंगीच्या डोळ्याच्या वरच्या काठावरची भिंगं हा फरक वाचतात. निळ्या आभाळाचा एक तुकडा उघडा असला तरी तिला दिशा मिळते.

दिशा मिळाली, पण अंतर? ते पावलांनी. २००६ मधे एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो माझा सगळ्यात आवडता. घरापासून दहा मीटरवर खायला आलेल्या मुंग्या धरल्या. काहींच्या पायांना डुकराचे केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय आखूड केले, आणि सोडलं. लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून पंधराएक मीटरपर्यंत गेल्या आणि तिथं घर शोधायला लागल्या. आखूड पायांच्या सहाएक मीटरवरच थांबल्या. पावलं तेवढीच पडली होती, पाऊल बदललं होतं. नंतर त्याच पायांनी घरातून निघून परत आल्या तेव्हा बरोबर पोचल्या. कुठल्याशा आतल्या हिशेबात पावलं मांडली जात होती. त्यांचे पाय कापल्याचं वाईट वाटतं, आणि तरी कळल्याचा आनंदही होतो. दोन्ही खरं आहे.

ऑगस्टमधे लेकीची शाळा फोनवरच चालू होती. निबंध आला, "मुंगी". तिनं लिहिलं, मुंगी कष्टाळू आहे, शिस्तीनं रांगेत चालते, आपण तिच्याकडून एकी शिकावी. मीही तिच्या वयात हेच लिहिलं होतं. मला ते पुन्हा वाचून वाईट वाटलं. रांगेत मुंगी शिस्तीसाठी चालत नाही. तिच्या मिशांना तिथं वाट सापडते, बाहेर सापडत नाही. आणि वारुळातल्या बऱ्याच मुंग्या बराच वेळ काहीही न करता स्वस्थ असतात, हेही अभ्यासकांनी पाहिलंय. तिला गुणी विद्यार्थिनी करून आपण तिला आपल्यासारखी करतो, आणि ती खरी कशी आहे हे बघायचं राहून जातं.

"मग काय लिहू?" लेकीनं विचारलं.

मी तिला गॅलरीतल्या जास्वंदीपाशी नेलं. कोवळ्या शेंड्यावर मावा आलेला, आणि मुंग्या त्याच्या पाठीवर मिशांनी हलकेच थापट्या मारत होत्या. थापटलं की मावा गोड थेंब सोडतो, मुंगी तो पिते. उसावर मावा पडला की पान चिकट होतं आणि मुंग्या जमतात, हे मामांच्या रानात तिनं बघितलेलं. पण थापटणं बघितलं नव्हतं. ती अर्धा तास तिथून हलली नाही.

मग मी तिला मेलेल्या मुंगीची गोष्ट सांगितली. मुंगी मेली तरी दोनेक दिवस बाकीच्यांचं तिच्याकडं लक्ष नसतं, पायात आली तर ओलांडून जातात. मग तिच्या अंगात ओलिक आम्ल तयार होतं, आणि त्याचा वास आला की कुणीतरी तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकतं. अमेरिकेतल्या एडवर्ड विल्सन यांनी १९५८ मधे हे शोधलं. मग त्याच आम्लाचा थेंब त्यांनी जिवंत मुंगीला लावला. तिला उचललं, ती हातपाय झाडत राहिली, तरी नेऊन ढिगावर टाकलं. ती चालत परत आली, पुन्हा नेऊन टाकलं. चाटून चाटून वास गेला तेव्हाच तिला घरात घेतलं.

"पण ती हलत होती की," लेक म्हणाली. "त्यांना दिसत नव्हतं काय?"

दिसत असेल. पण दिसण्यावर तिथं काही ठरत नाही.

लेकीनं निबंधात मावा लिहिला, मेलेली मुंगी लिहिली नाही. किती मार्क पडले ते मी विचारलं नाही.

माझा वास परत यायला लागला तो वाकडा. सप्टेंबरात कॉफीचा वास जळक्या रबरासारखा येई, लसणाचा सडल्यासारखा. असं होतं म्हणे, तुटलेल्या तारा जुळताना आधी चुकीच्या जुळतात. मी रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, वेलची आणि निलगिरीचं तेल एकेक मिनिट हुंगायची, डोळे मिटून, तो वास मनात आठवत. मुंगीचा कंगवा आठवायचा. तीही दिवसभर मिशा साफ करत बसते.

जानेवारीत मामांकडं गेलो. लांबूनच चिपाडांचा धूर आला. खरोखर आला, नाकात आला, आणि मी गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. गुऱ्हाळावर मामींनी काकवीची वाटी हातात दिली. पाक ओतायच्या वाफ्याच्या कडेला सांडलेल्या पाकाभोवती मुंगळे जमलेले. मामी त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "थांब, जरा हळद घालतो," आणि मग माझ्याकडं बघून, कशाला कोण जाणे, डबा खाली ठेवला. मी वाकून बोट जमिनीला टेकवलं. एक मुंगळा बोटापर्यंत आला, थांबला, दोन्ही मिशा नखावर फिरवल्या, आणि वळसा घालून पाकाकडं गेला.

काहिलीत उकळी चढली होती. मामा काठावर उभे, डोळे अर्धे मिटलेले, धुरानं मिटलेत की कशानं ते सांगता यायचं नाही. मला जवळ बोलावलं.

"येतोय काय वास?"

मी वाफेवर तोंड धरलं. "दुधाचा येतोय मामा. तापल्या दुधाचा." आणि मग, जरा थांबून, "भुईमुगाचा नाही येत अजून."

मामांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांची नजर काहिलीवरच होती.

"आलाच न्हाई त्यो अजून," ते म्हणाले. "पाच मिंटं हाईत."